कापड एक, झंपर दोन

परवा सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि मोबाइल टुणटुण करायला लागला. फॅमिली ग्रुपवर मोठ्या आत्यांनी फोटो टाकलेला, चार हात चार पायांची एक छोटीशी मुलगी, खाली 'साक्षात लक्ष्मी अवतरली, ११ जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत शुभवार्ता'. त्यावर पंधरा-वीस नमस्कार पडलेले. वहिनीनं मला टॅग करून विचारलं, ताई तुम्ही ओटीत (म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये) असता ना, हे खरं असतं का हो?

फोटो खरा आहे, पण जुना आहे. ती बिहारमधल्या अररियाची मुलगी, २००५ ची. २००७ च्या नोव्हेंबरात बंगळुरूच्या स्पर्श हॉस्पिटलमध्ये डॉ. शरण पाटील आणि त्यांच्या टीमनं २७ तास ऑपरेशन करून तिचे जास्तीचे हातपाय काढले. ते हातपाय म्हणजे तिचं जुळं भावंडच होतं, पोटातच त्याची वाढ थांबली, डोकं तयारच झालं नाही आणि उरलेलं शरीर हिच्या कमरेखाली चिकटून राहिलं. हे सगळं मी ग्रुपवर टाइप केलं. आत्यांचा रिप्लाय आला, देवाची करणी. त्याखाली मामेभावानं गुड मॉर्निंगचं फूल टाकलं आणि विषय संपला. एवढं टाइप करून बोटं दुखली ती दुखलीच, म्हणून म्हणलं आता इथंच सविस्तर लिहावं.

आधी एक सांगून टाकते, जोडलेली जुळी वेगळी करायचं असलं ऑपरेशन मी स्वतः कधी बघितलेलं नाही. आमच्याकडे अपेंडिक्स, हर्निया, सिझर, पित्ताशयातले खडे, अधूनमधून प्लॅस्टिक सर्जरीवाले सर येतात त्यांच्या केसेस. पण मी २००३ च्या जूनमध्ये कामाला लागले आणि पुढच्याच महिन्यात टीव्हीवर इराणच्या त्या दोघी बहिणींची बातमी आली, तेव्हापासून जिथं काही मिळेल तिथं वाचत आलेय. सर लोकांना विचारून विचारून भंडावून सोडलंय, एक भूलतज्ज्ञ मॅडम तर मला बघितलं की म्हणायच्या आली बघा सयामीवाली.

सयामी हा शब्दसुद्धा गमतीचाच आहे. सयाम म्हणजे आत्ताचं थायलंड. तिथं १८११ मध्ये चांग आणि एंग नावाचे भाऊ जन्मले, छातीच्या खाली एका पट्ट्यानं जोडलेले, ते पुढे अमेरिकेत गेले, लग्नं केली, दोघांना मिळून २१ पोरं झाली, आणि १८७४ मध्ये काही तासांच्या अंतरानं दोघं गेले. त्यांच्या नावावरून जगभर सगळ्याच जोडलेल्या जुळ्यांना सयामी म्हणायला लागले. आतून त्यांचं फक्त लिव्हर जोडलेलं होतं. आज जन्मले असते तर लहानपणीच वेगळे झाले असते असं सर म्हणतात.

हे होतं कसं तर एकाच बीजातून जुळं होताना ते वेगळं व्हायला उशीर होतो, गर्भधारणेनंतर जवळपास दोन आठवडे उलटल्यावर जर ते दुभंगायला लागलं तर पूर्ण दुभंगत नाही. आधी वेगळे झालेले परत चिकटतात असंही काही जण म्हणतात, तो वाद अजून चालू आहे. पन्नास हजार ते दोन लाख जन्मांत एखादं असं धरतात, त्यातली कितीतरी पोटातच किंवा पहिल्या दिवशीच जातात, आणि जगणाऱ्यांत मुली खूप जास्त. ग्रहणात भाजी चिरली, गाठ मारली, सुई हातात धरली म्हणून असलं होत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आमच्याच वॉर्डात एका बाळाचा ओठ दुभंगलेला होता तर सासूनं बाळंतिणीला अख्खा दिवस हेच ऐकवलं होतं.

तर आता खरी गोष्ट. लोकांना वाटतं की असली जुळी वेगळी करायची म्हणजे कापायचं. मलाही तेच वाटायचं. एकदा आईशी बोलताना सगळं उलगडलं. माझी आई चाळीस वर्षं ब्लाउज शिवतेय, सांगलीत आमच्या गल्लीत सगळ्या तिला झंपरवाल्या काकू म्हणतात. मी तिला म्हणलं, अगं दोन मुली छातीपासून बेंबीपर्यंत जोडलेल्या, त्यांना वेगळं केलं. तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि विचारलं, मग पुढचा भाग कशानं झाकला?

बघा म्हणजे. मी नर्सिंग शिकलेली, मला हे सुचलं नव्हतं. दोघी समोरासमोर चिकटलेल्या असतात, म्हणजे जिथं जोड आहे तिथं दोघींपैकी कुणालाच स्वतःची कातडी नसते. मधून वेगळं केलं की दोघींच्या पुढच्या बाजूला हे एवढं उघडं भगदाड, आत लिव्हर, आतडी, कधी हृदयसुद्धा. कातडी मात्र कडेकडेची, तेवढीच. आई म्हणली, कापड एक मीटर आणि झंपर दोन, कापणं काय कुणीही कापेल गं, बाह्या कशाच्या काढायच्या?

म्हणून मग महिना-दोन महिने आधी फुगे घालतात. टिश्यू एक्स्पांडर. सिलिकॉनची रिकामी पिशवी कातडीखाली ठेवायची, तिला एक छोटं बटण असतं, तेही कातडीखालीच, आणि दर आठवड्याला त्या बटणात सुई टोचून थोडं थोडं सलाइन भरायचं. कातडी ताणते आणि नुसती ताणत नाही, वाढते, गरोदरपणात पोटाची वाढते तशीच. हे मात्र मी बघितलंय. प्लॅस्टिकवाल्या सरांची एक केस होती, लहानपणी डोकं भाजलेली कॉलेजची मुलगी, अर्ध्या डोक्यावर केस नाहीत. चांगल्या बाजूला फुगा घातला होता, दर आठवड्याला यायची, स्कार्फ बांधून, फुगा वाढेल तसा स्कार्फ मोठा. शेवटच्या आठवड्यात तिचं डोकं एका बाजूनं पेरूएवढं वर आलं होतं आणि ती म्हणली, सिस्टर बसमध्ये लहान पोरं बोट दाखवतात. ऑपरेशनला ती केसाळ कातडी सरांनी अशी ओढून पलीकडे नेली की मी सक्शन (रक्त ओढून घ्यायची नळी) धरायचं विसरले, ओरडा खाल्ला.

आता हेच तान्ह्या किंवा वर्षाच्या पोरांना करायचं, तेही दोघं एकमेकांना चिकटलेले असताना.

आणि भूल. आमच्या मॅडम म्हणतात भूल हाच अर्धा गेम आहे. दोघांचं रक्त एकमेकांत फिरत असेल तर एकाला दिलेलं औषध दुसऱ्याला चढतं. डोस द्यायचा किलोवर, आणि वजन कुणाचं किती हे कसं कळणार, काट्यावर दोघं एकदमच! तर एकूण वजन करायचं आणि निम्मं निम्मं धरायचं. हे ऐकून मी हसले होते, एवढं सगळं मोठं शास्त्र आणि शेवटी भाजीवाल्यासारखं अर्धं अर्धं. पण दुसरा इलाज नाही. ओटीत सगळं डबल, दोन भुलीची मशीन, दोन मॉनिटर, दोन टीम, आणि गोंधळ होऊ नये म्हणून रंग ठरवतात, एकीचं सगळं लाल टेपचं, दुसरीचं सगळं निळ्या टेपचं, नळ्या, वायरी, सिरिंजा, रक्ताच्या पिशव्या, डॉक्टरांच्या टोप्यासुद्धा. शेजारी दुसरं टेबल मोकळं ठेवतात. शेवटचा धागा सुटला की एकीला उचलून त्या टेबलावर, तिची टीम तिच्यासोबत, आणि मग दोन ऑपरेशनं सुरू. ज्या सिस्टरनं तिथं गॉजचा काउंट ठेवला असेल ना तिला माझा साष्टांग नमस्कार. आमच्याकडे एका पोटाच्या ऑपरेशननंतर मोजताना एक मॉप (रक्त टिपायचं कापड) कमी भरला तर सगळ्यांचे चेहरे पांढरे होतात, कचऱ्याच्या बादल्या उलट्या करतात मावशी.

आता त्या इराणच्या दोघी. लादान आणि लाले बिजानी. १ जानेवारी १९७४ चा जन्म, डोक्याच्या बाजूनं एकमेकींना जोडलेल्या. २९ वर्षं तशाच जगल्या. शाळा, कॉलेज, तेहरानला वकिलीचं शिक्षणसुद्धा, कारण लादानला वकील व्हायचं होतं. लालेला पत्रकार व्हायचं होतं पण बसायचं तर एकाच वर्गात ना. म्हणजे एकीनं चार वर्षं दुसरीचा कोर्स केला. आमच्याकडे एका खोलीत राहणाऱ्या दोघी बहिणी पंख्याच्या स्पीडवरून भांडतात.

१९९६ मध्ये जर्मनीच्या डॉक्टरांनी त्यांना नाही म्हणून सांगितलं, फार धोका आहे. पण २००१ मध्ये सिंगापूरला डॉ. कीथ गोह यांनी नेपाळच्या डोकं जोडलेल्या तान्ह्या मुलींना वेगळं केलं, ते यांनी ऐकलं आणि या त्यांच्या मागे लागल्या. २००२ च्या शेवटी सिंगापूरला येऊन राहिल्या, कितीतरी महिने तपासण्या. दोघींना सांगितलं होतं की एक किंवा दोघीही जाऊ शकता, पन्नास टक्के धरा. त्या म्हणल्या, करा. त्यांचं एक म्हणणं बातमीत आलेलं मला अजून आठवतं, आम्हाला एकमेकींचा चेहरा आरशाशिवाय बघायचाय.

हे वाचून मी हॉस्टेलच्या खोलीत आरशासमोर उभी राहिले होते. डोकं जरा तिरकं केलं, शेजारी कुणीतरी आहे असं समजले. खरंच की, कान दिसेल, केस दिसतील, चेहरा नाही दिसणार कधीच.

६ जुलै २००३ ला रॅफल्स हॉस्पिटलमध्ये सुरू केलं. २८ डॉक्टर, शंभरच्या आसपास बाकीचा स्टाफ, अमेरिकेहून बेन कार्सन आलेले (तेच, जे पुढे ट्रम्पच्या सरकारात मंत्री झाले). दोघींना बसवून ऑपरेशन, त्यासाठी खास बसण्याची सोय बनवलेली. मेंदू दोन होते पण मेंदूतलं रक्त परत हृदयाकडे नेणारी मोठी शीर दोघींत मिळून एकच. म्हणून एकीसाठी मांडीतली शीर काढून नवीन वाट करायची असं ठरलं होतं. ती जोडली, पण तिच्यात रक्त साखळलं. आणि स्कॅनमध्ये वेगळे दिसणारे मेंदू प्रत्यक्षात २९ वर्षं एकमेकांना टेकून टेकून घट्ट चिकटलेले, मिलिमीटर मिलिमीटर करून सोडवावे लागले. मध्ये एकदा थांबून, पुढं जायचं की इथंच बंद करायचं यावर चर्चा झाली. दोघींची इच्छा स्पष्ट होती म्हणून पुढं गेले. ८ जुलैला वेगळ्या झाल्या. दुपारी अडीचच्या सुमारास लादान गेली, लाले त्यानंतर दीड तासानं.

मी तेव्हा नाइटला होते. कॅज्युअल्टीबाहेर एक छोटा टीव्ही होता, पेशंटचे नातेवाईक क्रिकेटसाठी लावायचे. वॉचमनमामांनी मला सांगितलं, सिस्टर त्या दोघी गेल्या. आपल्या गावातल्या कुणाबद्दल सांगावं तसं. फिरोजाबादजवळच्या त्यांच्या गावात त्यांना पुरलं, शेजारी शेजारी, पण दोन कबरी.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच चर्चा, डॉक्टरांनी करायलाच नको होतं. माझं मत आजही तसं नाहीये. तान्ह्या बाळांच्या बाबतीत आई-बाप ठरवतात, कधी कोर्ट ठरवतं, इथं तर दोन शिकलेल्या, कायदा शिकलेल्या बाया होत्या आणि सगळं समजून सही केली होती. हां, एकदमच सगळं करायला नको होतं असं म्हणा, ते मला पटेल. कारण त्याच वर्षी न्यूयॉर्कला डॉ. जेम्स गुडरिच यांनी फिलिपिन्सच्या दोन लहान भावांवर वेगळा मार्ग धरला, एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. २००३ च्या ऑक्टोबरात सुरू केलं आणि २००४ च्या ऑगस्टमध्ये ते वेगळे झाले, चार ऑपरेशनं. प्रत्येक वेळी थोड्याच शिरा बंद करायच्या आणि मग थांबायचं. तेवढ्या वेळात रक्त दुसऱ्या वाटा शोधतं. गणपतीत टिळक चौकातला रस्ता एकदम बंद केला तर काय होतं माहितीये ना, पण आठवडाभर आधीपासून एकेक गल्ली वळवत गेलं तर लोक आपोआप दुसरीकडून जायला शिकतात, तसंच. हेच गुडरिच २०१७ मध्ये आपल्या दिल्लीच्या एम्सलाही मदतीला आले होते, ओडिशातल्या कंधमाळच्या दोन भावांसाठी, तिथंही टप्प्यानंच, पहिला ऑगस्टमध्ये आणि शेवटचा ऑक्टोबरमध्ये. गुडरिच २०२० च्या मार्चमध्ये कोविडनं गेले. तेव्हा मी कोविड वॉर्डला होते, पीपीई काढून घामेजलेल्या हातांनी मोबाइलवर ती बातमी वाचली आणि उगीच घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं.

आता माझी खरी तक्रार. 'यशस्वीरीत्या वेगळे केले'. हा मथळा मला बघवत नाही. पेपरवाल्यांचं तिथंच संपतं, फोटो, फुलांचे गुच्छ, पेढे. आमचं म्हणजे नर्सिंगवाल्यांचं तिथून सुरू होतं, ड्रेसिंग, ताप, इन्फेक्शन, टाके उसवणं. कंधमाळच्या त्या दोघांतला एक २०२० च्या नोव्हेंबरात कटकच्या हॉस्पिटलात गेला, त्याची बातमी किती जणांनी वाचली?

आणि बैतूलची ती केस. बैतूल म्हणजे आपल्या अमरावतीच्या वरती, सीमा ओलांडली की लगेच. तिथं पाढर नावाच्या छोट्या गावात मिशनचं हॉस्पिटल आहे. २०११ च्या जुलैत तिथं सिझरनं दोन मुली जन्मल्या, छाती आणि पोटानं जोडलेल्या, लिव्हर एकत्र. आई-बाप अगदी गरीब, त्यांनी मुली हॉस्पिटलच्याच स्वाधीन केल्या. मग वर्षभर त्या पोरी वाढवल्या कुणी, तर तिथल्या सिस्टरांनी आणि स्टाफनं! दूध पाजणं, अंघोळ, दात आले, हसायला लागल्या, एकमेकींचे केस ओढायला लागल्या असतील. ऑस्ट्रेलियाहून डॉक्टर आले, २० जून २०१२ ला बारा तासांचं ऑपरेशन झालं, एवढ्याशा गावात, आणि मुली वेगळ्या झाल्या. सगळीकडे यशस्वी यशस्वी. ५ जुलैला त्यातली एक गेली. पंधराव्या दिवशी. दुसरी वाचली. मी नेहमी विचार करते, ज्या सिस्टरची त्या दिवशी ड्यूटी असेल तिनं दुसरीला कसं घेतलं असेल मांडीवर. वर्षभर दोघींना एकदम उचलायची सवय लागलेली, हाताला वजन निम्मंच लागलं असेल.

कॅमेऱ्याचं तर काय बोलावं, तो पहिल्यापासूनच आहे. १९०२ मध्ये पॅरिसला डॉ. दोयेन यांनी ओडिशातल्याच दोन बहिणींना वेगळं केलं, राधिका आणि डूडिका अशी नावं फ्रेंचांनी लिहून ठेवलीत. सर्कशीतून, प्रदर्शनातून जगभर फिरवलेल्या पोरी. डूडिकाला टीबी झालेला, दुसरीला वाचवायचं म्हणून घाईनं ऑपरेशन, आणि दोयेननी त्याची फिल्म काढून घेतली, सिनेमा नुकता कुठं जन्माला आलेला होता तेव्हा! डूडिका आठवड्याभरात गेली, राधिका पुढच्या वर्षी, तीही टीबीनंच. आणि फिल्म? कॅमेरावाल्यानं त्याच्या कॉप्या काढून परस्पर विकल्या, लोक जत्रेत पैसे देऊन बघायचे, शेवटी दोयेन कोर्टात गेले. म्हणजे आत्यांचा फॉरवर्ड काही आजचा नाही.

चांगलंही सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसती रडगाणं गाते. परळच्या वाडिया हॉस्पिटलमध्ये २०१७ च्या डिसेंबरात सव्वा वर्षाच्या दोन भावांना वेगळं केलं, मुंबईचीच पोरं, लिव्हर आणि आतडं जोडलेलं. सोनोग्राफीत आधीच कळलेलं होतं, आईनं सगळं समजून पोरं ठेवली, डॉक्टरांनी घाई केली नाही, वजन वाढू दिलं. घाई करावी लागली नाही की निम्मं जिंकलं असं सर म्हणतात. लिव्हर तसंही मोठ्या मनाचं असतं, कापलं तरी वाढतं. हृदय एक असेल तर मात्र सगळे हात टेकतात.

हे सगळं लिहून झाल्यावर रविवारी आईकडे गेले होते. तिला आता डोळ्यांनी कमी दिसतं, सुईत दोरा मी ओवून देते. फुग्याचं मी तिला मागे सांगितलं होतं, ते तिच्या डोक्यात बसलेलं. हातात कुणाचंतरी पैठणीचं ब्लाउजपीस, काठ जेमतेम.

"काय गं, आणि फुगे लावूनही कातडी नाही पुरली तर?"

"मग मांडीवरची काढून लावतात. नाहीतर आत जाळी घालून वरून बंद करतात."

"म्हणजे ठिगळ."

"हो, ठिगळच."

तिनं पीस उलटं करून बघितलं, बोटांनी काठ मोजला, आणि म्हणली, काखेत घालायचं मग, दिसत नाही.